शंभर फेऱ्यांची पुण्याई

(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घराघरांत एक वाक्य वरचेवर ऐकू येते, 'आजोबांची पुण्याई म्हणून सारे सुरळीत चालले आहे.' व्यापारात पत टिकली, मुलांची शिक्षणे झाली, संकटाच्या वेळी चार माणसे धावून आली, की घरातील वडीलधारी मंडळी हात जोडून हेच म्हणतात. या वाक्यात कृतज्ञता आहे, नम्रता आहे, आणि एक व्यवहारी सत्यही आहे. पण ही पुण्याई साठते कशी? ती किती पिढ्या पुरते? आणि ती खर्ची पडू लागली तर पुढच्यांनी काय करावे? एखादी संस्था पन्नास वर्षे पूर्ण करीत असताना या प्रश्नांचा विचार होणे उचित आहे. कारण प्रत्येक न्यास कोणा ना कोणा आजोबांच्या पुण्याईवरच उभा असतो.

या निमित्ताने आज ज्यांचे स्मरण करावयाचे आहे, ते आजोबा आपल्या गावचे नव्हेत, आपल्या देशाचेही नव्हेत. त्यांचे नाव कॅप्टन सर टॉम मूर. तारुण्यात सैनिक, मध्यम वयात एका कारखान्याचे संचालक, आणि वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी अवघ्या इंग्लंडचे आजोबा, अशी त्यांच्या आयुष्याची तीन पर्वे सांगता येतील. त्यांच्या सैनिकी जीवनाचा एक धागा आपल्या पुण्याजवळच्या खडकीशी जोडलेला आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या सभेत सैनिकाचे गुणगान कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येऊ शकतो. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. या सैनिकाला जगाने ओळखले ते त्याच्या हाती शस्त्र होते म्हणून नव्हे. जगाने त्यांना पाहिले तेव्हा त्यांच्या हाती होता तो वृद्धापकाळी चालताना धरावयाचा वॉकर!

३० एप्रिल १९२० रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर प्रांतातील कीथली या गावी टॉम मूर यांचा जन्म झाला. कापडाच्या व्यवसायातील मंडळींना हा मुलूख नावाने तरी परिचित असेल. वेस्ट रायडिंग म्हणून ओळखला जाणारा हा भाग म्हणजे लोकरी कापडाचे माहेरघर. शेजारचे ब्रॅडफर्ड शहर वर्स्टेड कापडाची राजधानी मानले जाई, आणि कीथलीत गिरण्यांबरोबरच सूत कातण्याची यंत्रेही तयार होत. मूर घराण्याचा व्यवसाय मात्र बांधकामाचा. वडिलांना तरुणपणापासूनच ऐकू येत नसे; आई एका शाळेची मुख्याध्यापिका होती. टॉम यांचे शिक्षण गावच्याच शाळेत झाले आणि पुढे ते स्थापत्यशास्त्राची उमेदवारी करू लागले. मोटारसायकलचे वेड लहानपणापासूनचे. हे वेड पुढे त्यांना खडकीपर्यंत घेऊन येणार होते, याची त्या मुलाला काय कल्पना असणार!

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. मे १९४० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, टॉम मूर यांना सक्तीच्या सैनिकभरतीत बोलावणे आले आणि ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. या पलटणीला ज्याचे नाव आहे, तो वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. इतिहासाचे धागे कोठून कोठे जाऊन मिळतात, ते पाहण्यासारखे आहे. सामान्य शिपाई म्हणून भरती झालेल्या टॉम यांची अधिकारीपदाच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली आणि जून १९४१ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. त्याच वर्षी त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली.

केप टाउनला वळसा घालून सुमारे सहा आठवड्यांचा सागरप्रवास करीत ते मुंबईच्या बंदरात उतरले. तेथून आगगाडीने पुणे आणि पुण्याहून खडकीची छावणी. त्यांची मोटारसायकलवरील हुकमत पाहून वरिष्ठांनी त्यांच्यावर काम सोपविले ते लष्करातील मोटारसायकलस्वारांना शिकविण्याचे. यॉर्कशायरच्या थंड हवेतला विशीतला एक तरुण आपल्या दख्खनच्या धुळीत इतर तरुणांना गाडी चालवावयास शिकवीत होता. पुढे ऐन पावसाळ्यात मुंबईहून कलकत्त्यापर्यंतचा प्रवास त्यांनी रस्त्याने केला आणि तेथून त्यांची रवानगी झाली ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकानच्या जंगलात.

आराकानची आघाडी म्हणजे चिखल, जळवा, डास आणि समोर जपानी सैन्य. टॉम मूर यांना तेथे डेंग्यूच्या तापाने गाठले. त्यातून ते बचावले. ज्या चौदाव्या सैन्यात ते लढत होते, त्याचे सेनापती होते जनरल विल्यम स्लिम. या सैन्यातील बहुसंख्य सैनिक भारतीय होते आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही त्यात होते. युरोपातील लढायांच्या बातम्यांपुढे ब्रह्मदेशाची आघाडी मागे पडली, म्हणून या सैन्याला 'विसरलेले सैन्य' असे नाव पडले. ऑक्टोबर १९४४ मध्ये टॉम यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. १९४५ च्या प्रारंभी चिलखती रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी ते मायदेशी परतले, काही काळ तेथेच प्रशिक्षक राहिले आणि १९४६ मध्ये सैन्यातून मुक्त झाले.

सैन्य सुटले तरी सैन्यातील माणसे त्यांनी सोडली नाहीत. आपल्या पलटणीतील जुन्या सोबत्यांचे वार्षिक स्नेहसंमेलन घडवून आणण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि ती दशकानुदशके पाळली. दर वर्षी पत्रे पाठवावयाची, जागा ठरवावयाची, कोण येणार कोण नाही याची यादी करावयाची, आणि दर वर्षी त्या यादीतील काही नावे कायमची कमी होताना पाहावयाची. ज्यांच्या सैन्याला जग विसरले, त्यांनी एकमेकांना विसरू नये एवढाच त्यामागे हेतू. या कामासाठी कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत की वृत्तपत्रांत छायाचित्रे छापली नाहीत. पुण्याई साठते ती अशा कामांतून.

युद्धानंतरचे त्यांचे आयुष्य चारचौघांसारखे होते. घरांच्या छतांना लागणारे साहित्य बनविणाऱ्या व्यवसायात ते विक्री व्यवस्थापक झाले, आणि पुढे पूर्व इंग्लंडमधील काँक्रीटच्या वस्तू बनविणाऱ्या एका कंपनीचे संचालक. १९८३ मध्ये काही गुंतवणूकदारांना बरोबर घेऊन त्यांनी ती कंपनीच विकत घेतली आणि चार वर्षे चालवून १९८७ मध्ये विकली. नोकरी करणाऱ्या माणसाने साठी उलटल्यावर स्वतः मालकीची जोखीम उचलणे ही गोष्ट सोपी नाही, हे व्यापारी वर्गाला वेगळे सांगावयास नको. त्या काळी त्यांची ओळख विचारली असती तर लोकांनी सांगितले असते, 'काँक्रीटच्या कारखान्याचे मूरसाहेब, मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेतात ते.' त्यापलीकडे काही नाही.

संसारसुखही त्यांना उशिराच लाभले. पहिला विवाह टिकला नाही. १९६८ मध्ये पामेला यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना दोन कन्या झाल्या. उतारवयात पामेलाबाईंना स्मृतिभ्रंशाने ग्रासले व त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. टॉम नित्यनेमाने त्यांच्यापाशी जाऊन बसत. २००६ मध्ये पामेलाबाई गेल्या. त्यानंतर धाकट्या कन्येने वडिलांना आपल्यापाशी आणले. बेडफर्डशायरमधील मार्स्टन मोरटेन या खेड्यात कन्या, जावई आणि दोन नातवंडे यांच्यासमवेत हे आजोबा राहू लागले. मुलाबाळांपासून वेगळे राहून वार्धक्य काढणारे लोक त्या देशात पुष्कळ. अशा ठिकाणी तीन पिढ्यांनी एका छपराखाली नांदावे, ही गोष्ट आपल्याला आपल्या घरासारखी वाटेल. पुढे जे काही घडले ते याच घराच्या अंगणात घडले.

२०१८ साली आजोबा पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या माणसाचा खुबा मोडला म्हणजे घरची माणसे मनातल्या मनात काय समजतात, ते सांगावयास नको. परंतु ते उठले. वॉकर घेऊन का होईना, पावले टाकू लागले. या दुखण्यात, आणि त्वचेच्या कर्करोगावरील उपचारांत, तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉक्टर व परिचारिकांनी त्यांची जी सेवा केली, ती त्यांनी मनाच्या खातेवहीत जमा करून ठेवली. ते ऋण फेडण्याची संधी दोन वर्षांनी आली.

२०२० चा मार्च महिना आठवावा. कोरोनाच्या महामारीने जग घरात कोंडले गेले होते. २३ मार्चला इंग्लंडमध्ये आणि पाठोपाठ २५ मार्चला आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली. रुग्णालये भरून वाहत होती, आणि आपली माणसे शेवटच्या क्षणीही भेटू शकत नव्हती. त्या दिवसांत वृद्ध माणसाने काय करावे? खोलीत बसावे, कोणाच्या संपर्कात येऊ नये, घरच्यांना काळजी लावू नये, एवढीच अपेक्षा. एप्रिलच्या आरंभी ऊन पडले म्हणून आजोबा घरासमोरच्या वाटेवर चालावयास निघाले. तेव्हा घरच्यांनी गमतीने सुचविले की प्रत्येक फेरीमागे एक पौंड देऊ. शंभराव्या वाढदिवसापर्यंत शंभर फेऱ्या होतात का पाहू या. गमतीतून संकल्प निघाला. ३० एप्रिलला वयाची शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या आत शंभर फेऱ्या मारावयाच्या आणि आरोग्य सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांना एक हजार पौंड मिळवून द्यावयाचे. एक हजार पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने जेमतेम लाखभर रुपये.

६ एप्रिल २०२० रोजी पहिली फेरी झाली. एक फेरी पंचवीस मीटरची. रोज दहा फेऱ्या. येथे थोडा हिशेब मांडून पाहू. शंभर फेऱ्या म्हणजे अवघे अडीच किलोमीटर! निरोगी माणूस सकाळच्या फिरण्यात अर्ध्या तासात हे अंतर तोडील. तेव्हा मोठेपण अंतरात नव्हते. मोडलेल्या खुब्याच्या, शंभरीला टेकलेल्या माणसाने दररोज न चुकता पोशाख करून बाहेर पडावयाचे, यात ते होते. पोशाखाकडेही लक्ष द्यावे. व्यवस्थित इस्त्री केलेली पँट, गळ्यात टाय, अंगात निळा ब्लेझर आणि छातीवर युद्धातील तीन पदके. पाहणारे कोणी नाही, रस्ते ओस, तरी पोशाखात ढिलाई नाही. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्यांना कळेल की कपडा माणसाला झाकण्यापुरताच नसतो. आपण अंगावर घेतलेल्या कामाचा मान तो राखतो. सैन्याने शिकविलेली ही शिस्त पाऊणशे वर्षांनंतरही त्यांच्या अंगी टिकून होती.

पहिले हजार पौंड चार दिवसांत, १० एप्रिललाच जमले. वर्तमानपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांच्याद्वारे ही वार्ता पसरली आणि पुढे जे झाले त्याची कोणालाच कल्पना नव्हती. १६ एप्रिलच्या सकाळी शंभरावी फेरी पूर्ण झाली, तेव्हा रक्कम एक कोटी पौंडांचा टप्पा मागे टाकून गेली होती. त्या फेरीच्या वेळी यॉर्कशायर रेजिमेंटच्या जवानांनी अंतर राखून दुतर्फा उभे राहत त्यांना मानवंदना दिली. २००६ मध्ये त्यांची जुनी पलटण याच रेजिमेंटमध्ये विलीन झाली होती. म्हणजे पलटणीच्या नातवंडांनीच आजोबांना सलामी दिली असे म्हणावे. शंभर झाल्या म्हणून ते थांबले नाहीत. फेऱ्या चालूच राहिल्या. शंभराव्या वाढदिवसाच्या रात्री देणग्या स्वीकारणे बंद झाले, तेव्हा आकडा होता सुमारे ३ कोटी २७ लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने तीनशे कोटी रुपयांच्या घरात!

आता या आकड्याच्या पोटात शिरून पाहावे. देणगीदारांची संख्या होती पंधरा लाखांहून अधिक. भागाकार केला तर माणशी सरासरी एकवीस-बावीस पौंड पडतात. म्हणजे हा निधी कोणा कुबेराने दिलेला नव्हता. टाळेबंदीत ज्याचे उत्पन्न थांबले त्यानेही यात आपला वाटा घातला होता. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण मुलांना गिरवावयास देतो. ती येथे साक्षात दिसली. लोकांनी पैसे दिले ते आकर्षक आवाहन वाचून नव्हे. शंभरीचा माणूस पाऊल उचलतो आहे, तर आपणही काही उचलले पाहिजे, असे प्रत्येकाला वाटले. मागणाऱ्याने आधी स्वतः काहीतरी झिजवावे आणि मग हात पुढे करावा, म्हणजे समाज आखडता हात घेत नाही, हा अनुभव आपल्या गावोगावच्या पाठशाळा, पांजरपोळ आणि धर्मशाळा उभारणाऱ्या पूर्वजांनाही आलेला आहे.

त्या महिन्यात त्यांच्यावर सन्मानांचा वर्षाव झाला. एका सुप्रसिद्ध गायकाबरोबर त्यांनी आवाज दिलेले गीत इंग्लंडच्या गीतक्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. हॅरोगेट येथे उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाचे उद्घाटन त्यांनी घरी बसून दूरचित्रसंवादाद्वारे केले. वाढदिवशी महायुद्धकाळातील स्पिटफायर आणि हरिकेन ही विमाने त्यांच्या घरावरून गेली. सैन्याने त्यांना मानद कर्नल केले. दीड लाखाहून अधिक शुभेच्छापत्रे आली. ती ठेवावयास घर पुरेना, म्हणून नातवाच्या शाळेच्या सभागृहात ती मांडण्यात आली. आजोबांना आलेली शुभेच्छापत्रे नातवाच्या शाळेत मांडलेली आहेत, या दृश्यात त्या सर्व सन्मानांचे सार आले. १७ जुलै २०२० रोजी विंडसर येथील राजवाड्याच्या प्रांगणात राणी एलिझाबेथ यांनी आपल्या पित्याची तलवार त्यांच्या खांद्याला लावून त्यांना 'सर' ही पदवी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. उद्याचा दिवस चांगला असेल, हा जो दिलासा ते लोकांना वारंवार देत, तोच पुस्तकाच्या नावात आला.

जानेवारी २०२१ मध्ये त्यांना न्यूमोनिया झाला आणि पाठोपाठ कोरोनाची बाधा झाली. २ फेब्रुवारी २०२१ रोजी बेडफर्डच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. ज्या सेवेसाठी ते चालले, त्याच सेवेच्या माणसांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. २७ फेब्रुवारीला लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. निर्बंधांमुळे कुटुंबातील केवळ आठ जण उपस्थित होते. लाखो लोकांनी ज्यांना आपले आजोबा मानले, त्यांना निरोप देण्यास आठ माणसे! परंतु आकाशातून एक डकोटा विमान गेले. ब्रह्मदेशाच्या जंगलात चौदाव्या सैन्याला अन्नधान्य व दारूगोळा पोहोचविणारी विमाने ती हीच. विसरलेल्या सैन्याच्या या सैनिकाला देशाने लक्षात ठेवल्याची ती खूण होती.

येथे कथा संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या सभेत पुढचा भाग वगळून चालणार नाही; न्यास चालविणाऱ्यांना खरी शिकवण त्यातच आहे.

आजोबा हयात असतानाच, २०२० च्या जूनमध्ये, त्यांच्या नावाने एक धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन झाले. एकाकी व शोकाकुल लोकांना साहाय्य करणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होते. उद्दिष्ट उत्तम होते, आणि नाव तर इतके निर्मळ की लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा. आपल्याकडे जसे धर्मादाय आयुक्त, तसा तिकडे धर्मादाय आयोग आहे. या आयोगाने जून २०२२ मध्ये प्रतिष्ठानाच्या कारभाराची रीतसर चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रतिष्ठानाच्या कारभारात गैरवर्तन आणि गैरव्यवस्थापन वारंवार घडले, कुटुंबाचे खासगी हित आणि प्रतिष्ठानाचे हित यांतील सीमारेषा पुसली गेली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुस्तकांपोटी मिळालेली सुमारे चौदा लाख पौंडांची आगाऊ रक्कम कुटुंबाच्या कंपनीकडे गेली. त्यातील काही भाग प्रतिष्ठानाला मिळेल अशी समजूत वाचकांची झाली होती. प्रत्यक्षात प्रतिष्ठानाला त्यातून काही मिळाले नाही. घराच्या आवारात प्रतिष्ठानाचे नाव घेऊन एका इमारतीची परवानगी मागितली गेली. उभी राहिलेली इमारत परवानगीबरहुकूम नव्हती. तिच्यात खासगी स्नानकुंडही होते. २०२४ मध्ये ती पाडावी लागली. कन्या व जावई यांना अनुक्रमे दहा व आठ वर्षे कोणत्याही धर्मादाय संस्थेचे विश्वस्त होण्यास अपात्र ठरविण्यात आले. हा निर्णय अन्यायकारक आहे, असे कुटुंबाचे म्हणणे आहे, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. आजोबांनी चालून मिळवून दिलेल्या त्या सव्वातीन कोटी पौंडांचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. तो निधी या प्रतिष्ठानाकडे आलाच नव्हता. तो थेट आरोग्य सेवेच्या धर्मादाय संस्थांना पोहोचला. परंतु लोकांच्या मनात नाव एकच होते. प्रतिष्ठानावर शंका आली आणि तिची सावली नावावर पडली. २०२३ मध्ये प्रतिष्ठानाने नव्या देणग्या स्वीकारणे थांबविले. ज्या नावावर पंधरा लाख माणसांनी काही विचारपूस न करता विश्वास टाकला, त्या नावाने देणगी मागणे तीन वर्षांत अवघड होऊन बसले.

बंधुभगिनींनो, हे सांगण्याचा हेतू कोणा दूरच्या कुटुंबाला दोष देण्याचा नाही. त्याच कन्येने वडिलांना घरी आणले होते, त्याच घराने त्यांना शंभर फेऱ्यांचे बळ दिले होते. वाईट माणसेच चुका करतात असे समजण्याची सोय येथे नाही. प्रेमाची माणसेही, नाव आपलेच आहे असे धरून चालली, की पाय घसरतो. आजोबांचे घर, आजोबांचे शेत, आजोबांची पेढी नातवंडांकडे वारशाने येते. परंतु आजोबांच्या नावावर समाजाने टाकलेला विश्वास वारशाने येत नाही. तो समाजाचा असतो, आणि कुटुंबाकडे तो केवळ ठेव म्हणून असतो. ठेवीला हात लावावयाचा नसतो, हे सांगण्यास आपल्या परंपरेला कायद्याची वाट पाहावी लागली नाही. देवद्रव्य दुसऱ्या कोणत्याही कामी वापरावयाचे नाही, हा नियम आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके पाळला. १९५० चा सार्वजनिक न्यासांचा कायदा, वार्षिक लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाची विवरणपत्रे या गोष्टी कित्येकदा कटकटीच्या वाटतात. परंतु त्या आजोबांच्या नावाभोवती घातलेले कुंपण आहेत. कुंपण पिकावर अविश्वास दाखविण्यासाठी घालत नाहीत. पीक राहावे म्हणून घालतात.

म्हणूनच पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने आपल्या मुलाबाळांना कॅप्टन टॉम यांची गोष्ट पूर्ण सांगावी. खडकीच्या छावणीतला मोटारसायकलस्वार सांगावा, आराकानच्या तापातून उठलेला तरुण सांगावा, जुन्या सोबत्यांना दरसाल पत्रे धाडणारा मित्र सांगावा, पत्नीच्या उशाशी बसणारा पती सांगावा आणि ब्लेझर घालून अंगणात चालणारे आजोबा सांगावेत. आणि त्याच बैठकीत, आवाज खाली न आणता, पुढचेही सांगावे. अर्धी गोष्ट सांगितली तर मुले पुण्याईवर विसंबून राहतील. पूर्ण सांगितली तर ती जपावयास शिकतील.

आरंभी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे या एका आयुष्यात मिळतात. पुण्याई साठते ती पंचवीस मीटरच्या फेरीने, रोज दहा, न चुकता. ज्या दिवशी कोणी पाहत नाही त्या दिवशीही. ती पुरते किती, हे आजोबांवर अवलंबून नसते. पुढच्या पिढीच्या हिशेबाच्या वहीवर असते. आणि ती खर्ची पडू लागलीच, तर ती भरून काढण्याचा एकच मार्ग आहे. पुढच्या माणसाने स्वतःची पहिली फेरी सुरू करावयाची.

आज या सभागृहात पुष्कळ आजोबा बसले आहेत. कोणाच्या हाती काठी आहे, कोणाच्या पुढ्यात वॉकर आहे. आता आपल्याकडून काय होणार, असे त्यांपैकी कोणाला वाटत असेल, तर त्यांनी एवढेच स्मरावे की त्या इंग्रज आजोबांच्या नव्याण्णव वर्षे अकरा महिन्यांच्या आयुष्यापर्यंत जगाने त्यांचे नावही ऐकले नव्हते. आणि जे नातू, नाती या सभेत आहेत, त्यांनी घरी गेल्यावर आजोबांपाशी बसून विचारावे की त्यांनी कोणकोणत्या फेऱ्या मारल्या, कोणासाठी मारल्या. बहुतेक आजोबा आपणहून सांगत नाहीत. त्यांना विचारावे लागते, आणि वेळेत विचारावे लागते.

कॅप्टन सर टॉम मूर यांच्या स्मृतीस, आणि या न्यासाचा पाया घालून आज आपल्यात नसलेल्या सर्व आजोबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र.